मशीद नसलेला मिनार

मुसफ्फा, अबू धाबी
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय चाचीस,

अस्सलामु अलैकुम.

तू नौशादच्या हाती पाठवलेले सोडे आणि कोकम काल मिळाले. अरफाने लगेच सोड्यांची खिचडी टाकली. वास इतका सुटला की समोरच्या फ्लॅटमधली मल्याळी बाई रेसिपी विचारायला आली. इनायाने मात्र नाक धरलं आणि "बाबा, इट्स स्टिंकी" म्हणाली. बारा वर्षांची झाली, पण कोकणी तोंड काही आलं नाही बघ हिला.

ती मला विचारते, शहरबानू दादी व्हॉट्सॲपवर का येत नाही? मी म्हटलं, एक तर तिला फोनवर ऐकू येत नाही. दुसरं म्हणजे जे हातात धरता येत नाही ते तुझी दादी खरं मानत नाही. चूक बोललो का?

इकडे काम बरं चाललंय. वर्कशॉपला एक वेगळंच काम मिळालंय. रुवैसच्याही पुढे, सिलाच्या बाजूला, हायवे सोडून तासभर वाळूतून गेलं की समुद्रात घुसलेलं एक टोक आहे. तिथे एक जुनं स्मारक आहे. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईहून एक जहाज हा किनारा शोधायला, मोजायला आलं होतं. त्या लोकांची आठवण म्हणून दगडी चौथरा, वर उंच खांब आणि खाली इंग्रजी पाटी. पाटीवर पाच गोऱ्या साहेबांची नावं आहेत आणि शेवटी 'व इतर खलाशी'. आता टूरिस्ट यायला लागलेत, म्हणून सभोवती रेलिंग घालायचंय. ते आपल्याकडे आलं.

आमचे इंजिनियर राजन साहेब पुण्याचे. ते आणि मी माप घ्यायला गेलो होतो. चाची, काय सांगू, तिथे काहीच नाही. झाड नाही, पक्षी नाही, फोनला रेंज नाही. समुद्र पण असा उथळ की लाट फुटल्याचा आवाज येत नाही. मी रेलिंगच्या पोस्टच्या जागांवर लाल रंगाच्या खुणा मारल्या, खांबाच्या सावलीत एका दगडावर बसून डबा खाल्ला आणि निघालो. येताना राजन साहेब म्हणाले, "मुनीर, हे लोक इथे पाण्याशिवाय कसे राहिले असतील रे?" मी म्हटलं, साहेब, जहाजावर होतं ना पाणी.

तब्येत सांभाळ. गुडघ्याचं तेल पाठवलंय.

आणि आपलं नेहमीचं. चाचा भेटले तर तुझा सलाम सांगेन.

तुझा,
मुनीर


बंदरमोहल्ला, जि. रत्नागिरी
२४ नोव्हेंबर २०२४

बेटा मुनीर,

खूप दुआ. तेल पोचलं. वास असा आहे की गुडघा दुखायचा थांबतो आणि डोकं दुखायला लागतं. पुढच्या वेळी पैसे असे घालवू नकोस.

इनायाला सांग, दादी लहानपणी सोडे वाळवत बसायची तेव्हा तिलाही वास यायचा. पण खिचडी पुढ्यात आली की नाक आपोआप सुटतं. पोरीला उन्हाळ्यात पाठव, बघते मी.

तुझ्या त्या स्मारकाचं वाचलं. पाच साहेबांची नावं आणि बाकी 'इतर'. मुंबईहून जहाज गेलं म्हणजे त्यावर दोरखंड ओढायला कोण असणार? आपल्याच बंदरावरची माणसं. चला, 'इतर' तरी लिहिलं, तेवढी मेहेरबानी.

आता माझं नेहमीचं विचारते. रागावू नकोस. तिथे जवळपास समुद्राकाठी जुनी मशीद आहे का? एखादी पडकी, मिनार उरलेली?

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण तुम्ही मुलं कामाच्या नादात विसरता. माझ्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. ईद झाली आणि तुझा हम्माद चाचा लाँचने आखातात निघाला. तेव्हा कुठले पासपोर्ट नि कुठले व्हिसे! रात्री चढायचं आणि अल्लाच्या भरवशावर उतरायचं. सोबत त्याचा दोस्त इस्माईल मुकादम. दोन वर्षांनी इस्माईल एकटा परत आला. म्हणाला, वाटेत हम्मादला ताप भरला. साथ पसरेल म्हणून लाँचचा तांडेल घाबरला. समोर किनाऱ्यावर पांढरा मिनार दिसत होता. तांडेल म्हणाला, मशीद आहे म्हणजे गाव आहे, दवापाणी मिळेल, उतरा. छोट्या होडीत घालून दोघांना उतरवलं आणि लाँच निघून गेली. इस्माईल म्हणाला, मिनारापर्यंत पोचलो, पण तिथे मशीदच नव्हती, नुसता मिनार. गाव नाही, पाणी नाही. हम्माद तिथेच गेला. मी त्याला मिनाराच्या पायथ्याशी पुरलं आणि होडीच्या नांगराचा जांभा उशाला लावला. मग होडी वल्हवत सुटलो, मच्छीमारांनी उचललं, पण ती जागा कुठली ते मला सांगता येत नाही.

मुनीर, तूच सांग, नुसता मिनार कुठे असतो का? सगळा मोहल्ला त्याला हसला. तुझ्या अब्बांनी नंतर किती वर्षं तिकडच्या किनाऱ्यावर विचारत काढली. प्रत्येक मशिदीच्या इमामाला विचारलं. कुणालाच असा मिनार ठाऊक नव्हता. मग लोक म्हणाले, इस्माईलने त्याला कुठेतरी सोडलं आणि वर गोष्ट रचली. कुणी म्हणालं, हम्मादने तिकडेच दुसरा संसार थाटलाय आणि इस्माईल त्याला झाकतोय. मला तर तेच खरं वाटलं. खोटं का सांगू, तेच बरं वाटलं. दुसरा संसार असला तरी माणूस जिवंत तरी असतो.

माझं दुसरं लग्न लावायला निघाले होते. मी म्हटलं, कबर दाखवा, मी काकणं उतरवते आणि विधवेसारखी इद्दतला बसते. कबर दाखवता येत नसेल तर मी हम्मादची बायको आहे. कुणी दाखवली नाही. आता इद्दत काय नि लग्न काय, एकाहत्तरावं चालू आहे, पण दर ईदला हातात नवी काकणं भरते अजून.

इस्माईल जाऊन सहा वर्षं झाली. त्याची बायको यम्ना विहिरीपलीकडे राहते. तिच्या घरचं पाणी मी आजवर घेतलेलं नाही.

असो. मशिदीचं बघ.

हम्माद भेटला तर माझा सलाम सांग.

तुझी,
शहरबानू चाची


मुसफ्फा
१५ डिसेंबर २०२४

प्रिय चाचीस,

सलाम.

पत्र मिळालं. तब्येत कशी आहे? इकडे थंडी पडली आहे. मागच्या रविवारी अरफा आणि इनायाला ते स्मारक दाखवायला घेऊन गेलो होतो. राजन साहेबांनी कंपनीची गाडी दिली. इनायाला शिंपले मिळाले, ती खूश आहे.

तिथे मशीद नाही. चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये कुठेही नाही. मी नीट चौकशी केली आहे.

रेलिंगचं काम चालू आहे. कामामुळे जास्त लिहीत नाही. तुझी तब्येत सांभाळ. अरफाने शाल पाठवली आहे.

तुझा,
मुनीर


बंदरमोहल्ला
२ जानेवारी २०२५

मुनीर,

शाल चांगली आहे. अरफाला दुआ सांग.

आता माझं ऐक. तू तुझ्या अब्बांवर गेलायस. त्यांना खोटं बोलायचं असलं की ते दोनदा तब्येत विचारायचे. तू पण दोनदा विचारलीस. पण ते सोड. तू नोकरीला गेल्यापासून मला जेवढी पत्रं लिहिलीस ती सगळी पत्र्याच्या पेटीत आहेत. मी काल सगळी काढून बसले. 'चाचा भेटले तर तुझा सलाम सांगेन' हे वाक्य एकाही पत्रातून सुटलेलं नाही. तुझ्या अब्बांच्या मयताच्या आठवड्यातलं पत्र आहे, त्यातही आहे. इनाया झाली त्या दिवशी चार ओळी खरडल्यास, त्यातही आहे. या पत्रात नाही.

काय बघितलंस तिथे?

मला म्हातारी समजून लपवू नकोस. तुला वाटत असेल, हिला कळलं तर ही कोसळेल. अरे, मी इस्माईल एकटा परतला तेव्हाच कोसळायला हवं होतं, तेव्हा उभी राहिले. तेव्हापासून बसायला जागा शोधतेय. मला बसू दे.

यावेळी पत्र कुणाच्या हाती पाठवायची वाट बघू नकोस, कुरियरने पाठव.

खाली काय लिहायचं ते कळत नाही. म्हणून काहीच लिहीत नाही.

शहरबानू


मुसफ्फा
१७ जानेवारी २०२५

प्रिय चाची,

अस्सलामु अलैकुम.

तू बरोबर ओळखलंस. माफ कर. अरफा म्हणाली होती, त्यांना सांगू नका, इतकी वर्षं ज्या आशेवर काढली ती काढून घेऊ नका. मलाही धीर झाला नाही. तुझं पत्र आलं तेव्हा तीच म्हणाली, खलास, आता सांगा.

सगळं सांगतो. बसून वाच. यम्ना चाची नको असेल तर शेजारच्या कुणाला तरी जवळ बसव.

त्या रविवारी ओहोटी होती. पाणी इतकं आत गेलं होतं की इनाया शिंपले वेचत वेचत खूप लांब गेली, तरी पाणी तिच्या गुडघ्याएवढंच. मी तिला बोलवायला पाण्यात उतरलो. ती किनाऱ्याकडे वळली आणि हात वर करून ओरडली, "बाबा, लुक! देअर्स अ मॉस्क!"

मी म्हटलं, वेडी आहेस का, इथे कुठली मशीद? आणि वळून पाहिलं.

चाची, मिनार होता. खरंच होता. जमिनीवरून बघितला की तो चौकोनी खांब आहे, खाली पाटी आहे, वर दगडाची गोल टोपी आहे, मी जवळ उभं राहून त्याची मापं घेतलेली आहेत. पण समुद्राकडून खालचा चौथरा दिसत नाही, वाळूच्या उंचवट्यामागे जातो. दिसतो तो फक्त वरचा भाग, पांढरा, निमुळता, डोक्यावर घुमटी. आपल्या बंदरात शिरताना आपली मशीद दिसते ना, अगदी तसा. कुणीही कोकणी माणूस लाँचवरून बघेल तर म्हणेल, आलं गाव. तांडेलने फसवलं नाही. त्यालाही मिनारच दिसला. जहाजवाल्यांनी आपली आठवण राहावी म्हणून खांब उभा केला आणि आपल्या माणसांनी त्याची मशीद केली.

 इनाया विचारत राहिली, "बाबा, व्हाय आर यू क्रायिंग?" मला तोवर कळलंच नव्हतं की मी रडतोय.

मी पळत वर आलो. समुद्राच्या बाजूने चौथऱ्याच्या पायथ्याशी शोधलं. फार शोधावं लागलं नाही. मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, एका दगडावर बसून डबा खाल्ला? तोच. मीठ आणि वाळू साचून तो पांढरा पडला होता, म्हणून तेव्हा लक्षात आलं नाही. मी खिशातल्या किल्लीने खरवडला. आतून लाल निघाला. जांभा, चाची. आपल्या घराच्या जोत्याचा असतो तसा, भोकाभोकांचा. या वाळवंटात असा दगड कुठून येणार? मधोमध दोरासाठी पाडलेलं भोक, त्यात वाळू घट्ट बसलेली. त्याच्यापासून पुढे लहान दगडांची लांबट रांग आहे, माणसाच्या उंचीएवढी. फोनवर किब्ल्याचा, मक्केचा, रोख लावून पाहिला. बरोबर आहे. इस्माईल चाचांनी एकट्याने, हातांनी, तहानलेल्या तोंडाने ते इतकं नीट केलंय.

आणि चाची, मी मारलेली लाल खूण त्या दगडापासून हातभर अंतरावर होती. पोस्टचा खड्डा तिथेच पडणार होता. माझ्याच हाताने.

तिथे बसून फातेहा पढलो. अरफानेही हात उचलले. इनायाने विचारलं, हे कोण? मी म्हटलं, हे माझे चाचा, शहरबानू दादीचे मिस्टर. तिने आपली पाण्याची बाटली उघडली आणि सगळी त्या दगडांवर ओतली. मी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी राजन साहेबांना सगळं सांगितलं. मला भीती होती की ते म्हणतील, मुनीर, गव्हर्न्मेंटचं काम आहे, ड्रॉइंग बदलता येत नाही.  त्यांनी सरळ ड्रॉइंग उघडलं, समुद्राच्या बाजूची रेलिंगची रेघ बाहेर सरकवली आणि लिहिलं, 'साइटवर जुने दगड आहेत, ते न हलवता रेलिंग त्यांच्या बाहेरून घ्यावं.' वर मंजुरीला पाठवलं. आठ दिवसांत मंजूर होऊन आलं. आता ते दगड रेलिंगच्या आत आहेत, स्मारकाच्या आत. तिथली शेवटची वेल्डिंग मी कुणाला करू दिली नाही.

तुला तिथली माती पाठवू का? की दगडाचा फोटो मोठा काढून पाठवू? की तुझा पासपोर्ट काढूया? सांगशील ते करतो. इन्शाल्ला आणेन तुला.

मला खाली नेहमीची ओळ लिहिता येत नाही. मी सलाम सांगून आलोय.

तुझा,
मुनीर


बंदरमोहल्ला
९ फेब्रुवारी २०२५

बेटा मुनीर,

तुला आणि अरफाला आणि माझ्या इनायाला जन्मभराची दुआ.

पत्र मी एकटीनेच वाचलं. तू बसून वाच म्हणालास, मी उभीच राहिले. मग रडले. इतकी रडले की शेजारची मुलगी धावत आली. तिला वाटलं, पडले. मी म्हटलं, नाही ग, माझा नवरा गेला. ती बिचारी माझ्याकडे बघतच राहिली.

मग मला त्या खांबाचा राग आला. असा राग आला की हातात असता तर फोडला असता. कशाला उभा केला मेल्यांनी तिथे? किनारा शोधलात ना, मग घरी जायचं होतंत. मग वाटलं, त्यांना काय ठाऊक. आणि खांब नसता तर आज तुला चाचा कुठे सापडले असते?

पत्र घेऊन मी विहिरीपलीकडे गेले. यम्ना ओसरीवर तांदूळ निवडत होती. मला बघून उठून उभी राहिली, पण 'ये' म्हणायची तिची हिंमत झाली नाही. मीच वर चढले. म्हटलं, यम्ना, मला पाणी दे.

तिने पाणी आणलं. मी सगळं प्यायले. मग तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. मिनारापर्यंत आले तेव्हा ती ओरडलीच, "होता ना? होता ना मिनार?" इस्माईल मरताना पण तेच म्हणत गेला म्हणे. मुलं म्हणायची, अब्बा, सोडा आता, कुणाला पटणार नाही. तो भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, मिनार होता. मुनीर, मी त्या माणसाला ईदच्या दिवशी सुद्धा सलाम केला नाही रे. आता त्याच्या कबरीवर जाऊन केला. त्याला ऐकू आला असेल का?

यम्नाने मला एक गोष्ट सांगितली. इस्माईलने ती फक्त तिलाच सांगितली होती. बाकीच्यांना सांगून काय उपयोग, ते हसणारच. होडीतून उतरल्यावर हम्मादला चालवत नव्हतं. इस्माईलने त्याला पाठीवर घेतलं होतं. हम्मादचे डोळे मिटलेले. तो सारखा विचारत होता, मिनार आला का? इस्माईलला तोवर दिसलं होतं की तिथे काही नाही. तरी तो म्हणाला, आला, ही काय मशीद, लोक वजूसाठी हातपाय धुतायत. हम्माद हसला म्हणे. त्यानंतर काही बोलला नाही.

सगळा मोहल्ला इस्माईलला खोटारडा म्हणाला, तेव्हा तो खरं बोलत होता. तो बिचारा खोटं बोलला ते एकदाच, आणि ते माझ्या हम्मादसाठी.

मौलानांना विचारलं. ते म्हणाले, चाची, इद्दत मयताच्या दिवसापासून धरतात, कळल्या दिवसापासून नाही. तुमची इद्दत केव्हाच संपली. तुमच्यावर काहीच फर्ज नाही. मी म्हटलं, हिशेब तुमचा बरोबर असेल, पण मी बसलेच नव्हते ना.  तेव्हा म्हणाले, घरात बसून नमाज-कुराण करायला कुणी अडवलेलं नाही. चांगला माणूस आहे.

तर मी बसले आहे. चार महिने दहा दिवस. काकणं यम्नाने उतरवली. हात सुजलेले, निघेनात. तिने साबण लावून एकेक काढली. एक फुटलं आणि तिच्या बोटाला लागलं. तिने पदराने पुसलं आणि पुढचं धरलं.  आता ती रोज दुपारी येते. आम्ही दोघी मिळून तांदूळ निवडतो. माझ्या हातांना सवय नाही, काकणं वाजत नाहीत तर मध्येच दचकते. होईल सवय.

माती पाठवू नकोस. इतक्या वर्षांत जी माती त्याच्या अंगाखांद्यावर आहे ती उकरून इकडे कशाला? पासपोर्टचं नंतर बघू, आधी बसून होऊ दे. फोटो मात्र पाठव. रेलिंग पण दिसलं पाहिजे, तुझं वेल्डिंग बघायचं आहे. आणि तिथे कुणी टूरिस्ट येतील, पाटी वाचतील, 'व इतर खलाशी' वाचतील, तर इनायाने त्यांना सांगावं, त्यातला एक आमचा आहे, असं समजा.

उन्हाळ्यात तिला घेऊन ये. तिने त्याला पाणी पाजलंय. तिच्यासाठी सोडे वाळत घातले आहेत.

तू कामाला तिकडे जाशील तेव्हा थोडा वेळ बस. डबा खा, पण दगडावर नको, शेजारी.

हम्मादला माझा सलाम सांग.

तुझी,
शहरबानू चाची